ओळख दाखवायची नाही

"तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही का?" सफारीतल्या गृहस्थांनी मला विचारलं.

"कशाबद्दल?"

"असू दे," ते म्हणाले आणि माझी कीव आल्यासारखे शेजारच्या तरुणाकडे पाहून हसले.

शेवरे नावाच्या तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही तिघे एका बाकावर बसलो होतो. इंग्रजीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा भरायची होती. सफारीतले धुमाळ, त्यांच्या शेजारी पिसाळ नावाचे एक गोरेगोमटे तरुण आणि कडेला मी, रमाकांत इंगवले. पहाटेच्या एस.टी.त एका बाईंनी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं होतं, त्यामुळे माझ्या एकुलत्या एक चांगल्या शर्टाला मेथीचा वास येत होता. चार वर्षं मी अशा बाकांवर बसत आलो होतो. ज्याची जागा आधीच ठरलेली असते तो बाकाला पाठ टेकून बसतो आणि बाकीचे पुढे सरकून बसतात, एवढं मला अनुभवाने कळायला लागलं होतं. त्या दिवशी मात्र धुमाळ आणि पिसाळ दोघेही पाठ टेकून बसले होते, हे जरा नवीन होतं.

ही माझी शेवटची मुलाखत होती. तसं मी शालनला कबूल केलं होतं. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी ती माहेरी फलटणला आणि मी एका कॉलेजात तासांवर शिकवत, मित्राच्या खोलीत पाहुण्यासारखा राहत होतो. शालनने कधी तोंडातून ब्र काढला नाही, पण तिच्या वहिनीने काढला होता. बारामतीला माझ्या दाजींचं खतांचं दुकान होतं. तिथे त्यांनी माझ्यासाठी गल्ल्याजवळ एक खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. खुर्ची चांगली होती, फिरती होती. ही नोकरी मिळाली नाही तर सोमवारपासून मी त्या खुर्चीत बसणार होतो.

एवढ्यात प्राचार्या सबनीस मॅडम बाहेर आल्या. किरकोळ बांधा, पांढरी सुती साडी, आणि कधी हसल्या असतील असं वाटू नये असा चेहरा. त्या म्हणाल्या, संस्थेचे लोक दुपारी मुलाखतीला येतील. तोवर प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा. विषय तिघांनाही एकच. वर्गाला इंग्रजीत एक एकांकिका शिकवायची आहे, ती फार्स आहे. तेव्हा मुलांना आधी फार्स म्हणजे काय ते समजावून सांगा. एवढं बोलून त्या वर्गात गेल्या आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

धुमाळांनी शब्दकोशातला अर्थ खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मुलांचे चेहरे पाहून पुन्हा वाचला, या वेळी आणखी मोठ्याने. पिसाळांनी "लिहून घ्या" अशी सुरुवात केली आणि तास संपेपर्यंत वेगाने टिपणं सांगत राहिले. हे सगळं मी व्हरांड्यातून ऐकत होतो. मी आत गेलो तेव्हा त्याच शब्दाचा तिसरा घास घ्यायला मुलं अजिबात तयार नव्हती. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर उघडउघड जांभया देत होती.

माझ्याजवळ सांगण्यासारखं वेगळं काही नव्हतं. म्हणून मी विचारलं की हा शब्द तुम्ही याआधी कुठे ऐकलाय. मग मागचा एक मिशीवाला मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "पेपरात येतो सर. चौकशीचा फार्स, निवडणुकीचा फार्स, असं."

"बरोबर," मी म्हणालो. "पेपरवाला तो शब्द चिडून वापरतो. सगळं आतून ठरलेलं आहे आणि वरून नुसता देखावा चाललाय, असं त्याला म्हणायचं असतं. नाटकातल्या फार्सचं उलटं आहे. तिथे प्रत्येकाने काहीतरी पक्कं ठरवलेलं असतं आणि त्यातलं एकही होत नाही."

एवढ्यावर त्यांना काही कळलं नसावं. वर्गाला पुढून एक आणि मागून एक अशी दोन दारं होती. ती पाहून मला सुचलं. मिशीवाल्याला मी पुढे बोलावलं आणि सांगितलं, तू कारकून आहेस. सासू वारली असं खोटं सांगून तू कचेरीतून रजा घेतली आहेस आणि घरी लोळत पडला आहेस. जांभया देणाऱ्या मुलीला म्हटलं, तू याची सासू. अगदी धडधाकट आहेस, आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन मागच्या दाराने जावयाकडे येते आहेस. आणखी एका मुलाला साहेब केलं. तो पुढच्या दाराने सांत्वनाला येणार होता. अट एकच घातली, की तिघांपैकी कुणीही हसायचं नाही.

पुढचं मला फार काही करावं लागलं नाही. साहेब आत येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "फार वाईट झालं. कशाने गेल्या?" तेवढ्यात सासूबाई मागच्या दारातून "जावईबापू, आहात का घरी" म्हणत आल्या. मिशीवाल्याने त्यांना टेबलाखाली बसवलं, तर त्या खालून शेंगा घ्यायचा आग्रह करू लागल्या. वर्ग बाकं बडवून हसत होता. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहिली. मिशीवाल्याच्या कपाळावर मात्र खरोखरचा घाम आला होता.

वर्ग थोडा शांत झाल्यावर मी म्हणालो, "याच्याकडे बघा. याचा जीव टांगणीला लागलाय म्हणून तुम्हाला हसू येतंय. तो स्वतः हसला असता तर तुम्ही हसला नसता. आत सापडलेल्या माणसाला फार्स कधी विनोदी वाटत नाही." घंटा झाली तेव्हा मुलं सासूचं पुढे काय होतं ते विचारत होती. मॅडम मागच्या बाकावरून उठल्या आणि तोंडावरची सुरकुतीही न हलवता निघून गेल्या. माझ्या मनात आलं, पोरकटपणा केला, आता सोमवारी खत विकायला लागावं.

थोड्या वेळाने गेनू शिपाई व्हरांड्यात आला आणि मला म्हणाला, "सर, तुम्ही तेवढे वाचनालयात बसा." धुमाळ आणि पिसाळ बाकावरच राहिले. वाचनालयात त्याने मला पंख्याखालची खुर्ची दिली, वाफाळता शिरा दिला आणि चहा कपबशीतून दिला. चार वर्षांत मुलाखतीला मला फुलपात्रातून पाणीसुद्धा कुणी दिलं नव्हतं. मी शिरा खाल्ला. भूक लागलेलीच होती.

मी शेवटचा घास घेत होतो तेव्हा पुढचं दार किलकिलं झालं आणि धोतर-फेट्यातले एक आडदांड गृहस्थ आत आले. हे संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "वळख दावायची न्हाई. म्या बी दावनार न्हाई. समजलं?"

मी म्हणालो, "साहेब, तुमची आणि माझी खरंच—"

"झ्याक. असंच म्हनायचं," ते म्हणाले, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि आले तसे निघून गेले.

त्या थापेतून मी सावरतोय तोवर मागचं दार वाजलं. काळा कोट घातलेले, सडपातळ, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले दुसरे गृहस्थ आत आले. संस्थेचे चिटणीस, रणदिवे वकील. अध्यक्ष आणि चिटणीस यांचं विळ्याभोपळ्याचं नातं आहे, हे शेवऱ्याच्या एस.टी. स्टँडवर चहा पितानाच माझ्या कानावर आलं होतं. वकील माझ्याकडे न बघता, कपाटातल्या पुस्तकांशी बोलावं तसे बोलले, "आपण एकमेकांना ओळखत नाही. प्रवास नीट झाला ना? कऱ्हाडला सगळे बरे आहेत, असं मी गृहीत धरतो."

"कऱ्हाडला माझं कुणीच नाही हो," मी म्हणालो.

"उत्तम," वकील म्हणाले. "हाच पवित्रा ठेवा."

तेवढ्यात पुढच्या दाराबाहेर वहाणांचा करकर आवाज आला. वकिलांनी तो ओळखला असावा. एवढा शिकलेला, वय झालेला माणूस, पण दोन ढांगांत मासिकांच्या कपाटामागे गेला. तात्यासाहेबांनी दारातून फेटा आत घातला. त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. "त्या वकिलाच्या नादी लागू नगा," ते कुजबुजले. "लई पाताळयंत्री मानूस हाय." त्यांचं कुजबुजणं म्हणजे चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असं. ते गेल्यावर कपाटामागून वकील बाहेर आले, कोटावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे पाहून मागच्या दाराने गेले.

एव्हाना माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. या दोघांचेही उमेदवार ठरलेले होते, दोघांनीही आपला उमेदवार कधी पाहिलेला नव्हता, आणि दोघेही मलाच आपला समजत होते. धुमाळ आणि पिसाळ बाहेर पाठ टेकून बसले होते. त्यांनाही कुणीतरी ओळख दाखवायची नाही असंच बजावलेलं असणार. आणि ते तर अगदी शहाण्यासारखे ती दाखवत नव्हते. मला क्षणभर गंमत वाटली, पण ती टिकली नाही. मुलाखतीत नाव निघालं की चूक उघडी पडणार, भर सभेत आपल्याला तोतया म्हणणार, आणि शालनच्या घरी ही बातमी आपल्याआधी पोचणार, असं काहीबाही मनात यायला लागलं. मी ठरवून टाकलं की आत गेल्यागेल्या खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं.

मुलाखतीला टेबलापलीकडे चौघे बसले होते. मधोमध तात्यासाहेब, एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि कडेला विद्यापीठाने पाठवलेले एक वयस्कर तज्ज्ञ. तात्यासाहेबांनी माझ्याकडे अशा परक्या नजरेने पाहिलं की मला त्यांचं कौतुक वाटलं. वकील तर नखं बघत होते.

"गाव कंचं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"फलटणच्या बाजूचं."

"मग आमदारसाहेबांस्नी वळखत असशाल."

"नाही साहेब. त्यांना मी लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही."

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आमदारांनी धाडलेला पोरगा किती तयारीचा आहे, असा भाव. मग वकिलांनी चष्मा सारखा करून विचारलं की कऱ्हाडशी आपला काही संबंध. मी म्हणालो, नाही. वकिलांनी मान डोलावली. मला राहवेना. मी हात जोडून म्हणालो, "मला एक स्पष्ट सांगायचंय. मला इथे कुणी पाठवलेलं नाही. या टेबलावरच्या कुणालाही मी ओळखत नाही आणि माझ्यासाठी कुणी शब्द टाकलेला नाही. तसा कुणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे."

मला वाटलं, आता दार दाखवणार. पण तात्यासाहेबांनी वकिलांकडे पाहिलं आणि वकिलांनी तात्यासाहेबांकडे. दोघांच्याही डोळ्यांत मी जी चमक पाहिली ती फक्त समोरच्याला गंडवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते. तात्यासाहेब म्हणाले, "मानूस सडेतोड हाय." वकील म्हणाले, "निःस्पृहताही आहे. मला या उमेदवाराबद्दल आक्षेप नाही." तात्यासाहेब इतके चकित झाले की त्यांनी वकिलांपुढे आपल्या हाताने सुपारीची डबी सरकवली. तज्ज्ञांनी मला इंग्रजीत दोनतीन प्रश्न विचारले, ते मला आवडीचे होते. मॅडमनी काहीच विचारलं नाही. त्या समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

संध्याकाळी व्हरांड्यात नाव जाहीर झालं. धुमाळ बाकावरून ताडकन उठले, पिसाळ जागचे हलले नाहीत. दोघांनी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे असं काही पाहिलं की मी मान खाली घातली.

आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. मी शेवऱ्यात एक खोली घेतली, दाजींना खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणून कळवलं, पण शालनला म्हणालो की अजून ये म्हणत नाही, जरा थांब. काय सांगणार होतो? चुकून मिळालेली नोकरी चूक कळली की जाणार, आणि सगळा संसार एस.टी.च्या टपावर चढवून परत फलटणला उतरायची वेळ यायची. रोज वर्गात शिकवताना मी मजेत असायचो. घंटा झाली की धास्ती सुरू व्हायची. तात्यासाहेब रस्त्यात भेटले की डोळा बारीक करून "आमदारसाहेब काय म्हंत्यात?" असं विचारायचे. मी म्हणायचो, माहीत नाही साहेब, मी त्यांना ओळखत नाही. ते खूश होऊन पुढे जायचे. वकील भेटले की कऱ्हाडची खुशाली विचारायचे. मी रोज खरं बोलत होतो आणि रोज जास्त अडकत होतो. जेवण जाईना. मिशीवाल्याच्या कपाळावरचा तो घाम मला आता कळत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जे व्हायचं होतं ते झालं. आमदार एका लग्नात तात्यासाहेबांना सगळ्यांदेखत म्हणाले, की आमच्या धुमाळाचं एवढंसं काम तुमच्याच्याने झालं नाही. त्याच लगीनसराईत वकिलांचे कऱ्हाडचे व्याही, पिसाळांचं काम झालं नाही म्हणून, पानावरून न जेवता उठले. हे मला स्टाफरूममध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी गेनू वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडमनी बोलावलंय. अध्यक्ष आणि चिटणीस दोघंबी आल्यात."

मी खडू ठेवला. मुलांना मी नाटकाचं राहिलेलं पान वाचून ठेवा म्हणालो. पुन्हा या वर्गात येईन असं मला वाटत नव्हतं.

मॅडमच्या खोलीत दोघे समोरासमोर बसले होते. तात्यासाहेबांचा चेहरा त्यांच्या लाल फेट्याच्याच रंगाचा झाला होता आणि वकिलांनी ओठ घट्ट मिटले होते. मला बघून दोघेही बोलायला पुढे सरसावले आणि दोघेही थांबले.

"बोला वकीलसाहेब," तात्यासाहेब म्हणाले.

"आपण अध्यक्ष. आधी आपण बोलावं."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्ये गुरुजी..." एवढं म्हणाले आणि बोट हवेतच राहिलं. पुढे काय म्हणणार? हे माझे गुरुजी नव्हेत असं म्हटलं, तर माझे दुसरे ठरलेले होते हे वकिलांसमोर कबूल करावं लागणार. वकिलांनी घसा खाकरला, "या नेमणुकीबाबत मला असं म्हणायचं आहे की..." आणि तेही तिथेच अडले. ते तर वकील. त्यांना आपलं वाक्य कुठे जाऊन पोचतं ते आधीच दिसलं असणार. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला काही माहीत नाही, आणि ते तसंच राहायला हवं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "इंगवल्यांबद्दल काही तक्रार आहे का?" त्यांनी विचारलं. "असेल तर मला लेखी लागेल. निवड आपण एकमताने केली आहे. विद्यापीठाची मान्यता काल आली."

"तक्रार कशापायी आसंल," तात्यासाहेब म्हणाले.

"छे," वकील म्हणाले. "सहज चौकशी. विद्यार्थी समाधानी आहेत ना?"

मॅडम म्हणाल्या, आहेत. मग गेनूने चहा आणला. दोघांनी तो निमूटपणे प्यायला. बाहेर पडताना दारात दोघे एकाच वेळी आले आणि "तुम्ही आधी", "छे, तुम्ही आधी" असं करत बराच वेळ तिथेच अडकले. शेवटी तात्यासाहेब तिरपे होऊन निघाले. जाताना त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण त्या रागात थोडा आदर होता, असा माझा आजवर समज आहे.

ते गेल्यावर मी उभाच राहिलो. म्हणालो, "मॅडम, मी राजीनामा देतो. हे असं मला झेपत नाही. ही नोकरी मला चुकून मिळाली आहे. त्या दिवशी ते दोघे मला भलताच कुणीतरी समजले."

"समजले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं."

मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

मॅडम कागद आवरता आवरता सांगत होत्या. तात्यासाहेबांना आमदारांनी त्या माणसाचं नाव सांगितलं होतं, ते नाव ते विसरले, आणि आमदारांना पुन्हा विचारायची सोय नव्हती. वकिलांच्या व्याह्यांनी "आमच्या जावयाचा मावसभाऊ" एवढंच सांगितलं होतं. नाव विचारावं तर एवढं जवळचं नातं आणि तुम्हाला नाव माहीत नाही, असं व्याही म्हणायचे. म्हणून मुलाखतीच्या दिवशी दोघेही वेगवेगळे मॅडमकडे आले, आणि आमचा कोण तेवढा गुपचूप दाखवा, म्हणाले. अर्ज मॅडमकडेच होते.

"मी दोघांनाही म्हटलं, वाचनालयात बसलाय तो. दुसऱ्याला कळू देऊ नका," मॅडम म्हणाल्या. "मी खोटं बोलले. गेली कितीतरी वर्षं या खोलीत बसून मी ठरलेल्या माणसांच्या नेमणुकांवर सही करते आहे. त्यातल्या काहींना वर्गात उभं राहता येत नाही. मुलं मला भेटली की माझ्याकडे बघत नाहीत. या वेळी माझी सही करायची तयारी नव्हती."

"मला तरी आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या टेबलासमोर इतकं खरं बोलू शकला नसतात."

मी म्हणालो, पण मग माझंच नाव का? धुमाळ आणि पिसाळ दोघेही माझ्यापेक्षा वरच्या वर्गात पास झालेले होते.

मॅडमनी माझ्याकडे थेट पाहिलं. "इंगवले, तुमची निवड सकाळी वर्गातच झाली होती. त्यानंतरचा सगळा दिवस फक्त दोन सह्या मिळवण्यात गेला." मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तास अजून संपलेला नाही याची मला आठवण करून दिली.

मी वर्गात गेलो. काय शिकवलं ते मला आठवत नाही. तास संपल्यावर मात्र रजेचा अर्ज टाकला, सरळ स्टँडवर गेलो आणि फलटणची गाडी धरली. मला दारात बघून शालनचा चेहरा पडला. तिला वाटलं, झालं, ही पण गेली. मी म्हणालो, सामान बांध, उद्या सकाळच्या गाडीने निघू. तिची वहिनी लगेच पोह्यांचं विचारायला लागली.

हा किस्सा मी पुढे आयुष्यभर सांगत आलो. स्टाफरूममध्ये सांगितला, लग्नांत सांगितला, विद्यार्थ्यांना फार्स शिकवताना तर दरवर्षी सांगितला. वकील मासिकांच्या कपाटामागे जातात तिथे लोक पोट धरून हसतात. ज्या सहकाऱ्याची स्वतःची नेमणूक ठरलेली होती तोसुद्धा हसला. तात्यासाहेब जाण्याआधी एकदा मीच त्यांना हे सगळं सांगून टाकलं. ते ठसका लागेपर्यंत हसले आणि म्हणाले, की वकिलाला कळू देऊ नगा.

पहिल्यांदा मात्र तो मी शालनला सांगितला, फलटण ते शेवरे एस.टी.त, तिची ट्रंक पायाशी आणि कळशी मांडीवर घेऊन. मी रंगवून सांगत होतो. आवाज काढून दाखवत होतो. आमच्या मागच्या बाकावरचे दोघेतिघे पुढे वाकून ऐकायला लागले होते आणि हसत होते. शालन हसत नव्हती. ती खिडकीकडे तोंड करून सगळं ऐकत होती, आणि मला वाटलं की तिला हे आवडलं नाही, तिला यात फसवाफसवीच दिसली. माझं सांगून झालं. ती जराशाने वळली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही चांगलं शिकवता. असंच ना?"

चार वर्षं माझ्याबद्दल सगळ्यांनी एकच विचारलं होतं, लागली का. मी शिकवतो कसा, हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो, आणि मागचे लोक अजून हसत असताना त्या कळशीवर डोकं टेकून खुशाल रडलो.